लाल रेघेच्या आतली माणसं

२ ऑगस्ट २०२२ ची गोष्ट. दिल्ली विमानतळाच्या टर्मिनल २ वर इंडिगोचं विमान उभं होतं आणि गो फर्स्ट कंपनीची एक मोटार थेट त्याच्या नाकाखाली जाऊन थांबली. पुढचं चाक थोडक्यात वाचलं. विमानाला ओरखडा नाही, माणसाला खरचटलं नाही, चालकाची श्वासचाचणी घेतली तर तीही स्वच्छ. विमानाच्या पोटाखाली शिरलेल्या त्या गाडीचा व्हिडिओ देशभर फिरला, त्यावर विनोद झाले आणि दोन दिवसांत विषय संपला.

मामांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मामा म्हणजे मुंबईत सहार विमानतळावर आधी विमानं ढकलणारा टग चालवून आणि पुढे रॅम्प इन्चार्ज होऊन निवृत्त झालेला माणूस. त्यांची भाची कामगारांच्या नुकसानभरपाईचे दावे लढवणारी वकील. दोघंही या लेखापुरती कल्पिलेली आहेत. पण मरोळ, विलेपार्ले, कुर्ला या पट्ट्यात अशी घरं शोधायला लांब जावं लागत नाही. वादात आलेल्या दुर्घटना, कायदे आणि आकडे मात्र नोंदीतले आहेत.

"चुकतो तो माणूस," हे मामांचं पहिलं आणि बराच वेळ टिकलेलं म्हणणं. "कलकत्त्याचं आठव. डिसेंबर २०१५. जेट एअरवेजची रिकामी बस पहाटे जाऊन एअर इंडियाच्या उभ्या एटीआर विमानावर आदळली. चालकाला डुलकी लागली असावी, असं तेव्हाच सांगितलं गेलं. बेंगळुरूला एप्रिल २०२५ मध्ये टेम्पो ट्रॅव्हलर इंडिगोच्या विमानाखाली घुसली, टप पार चेपला. तिथेही डुलकीचंच नाव आलं. अगं, एवढं मोठं विमान दिसत नाही?"

"पहाटेची पाळी कुणी लावली होती, मामा?"

"बेंगळुरूचं भर दुपारी झालं, वकीलबाई."

हा टोला बसला. पण भाचीचा पेशाच असा की टोला बसला तरी चेहऱ्यावर दिसू द्यायचा नाही. "दुपारी डुलकी लागते तेव्हा प्रश्न आदल्या रात्रीचा असतो," ती म्हणाली. "आणि तो चालक विमान कंपनीचाही नव्हता, विमानतळाचाही नव्हता. ग्राउंड हँडलिंग करणाऱ्या तिसऱ्याच एजन्सीचा होता. त्याने किती तास झोप घेतली, हे पाहायचं कुणी?"

वाद पुढे नेण्याआधी ती जागा, म्हणजे विमानं उभी राहतात तो रॅम्प किंवा एप्रन, डोळ्यांसमोर आणायला हवी. प्रवाशाला ती खिडकीतून दिसते आणि नीट दिसत नाही. विमान आपल्या ठरलेल्या जागेवर, म्हणजे बेवर, येऊन थांबतं, इंजिनं बंद होतात, पोटाखालचा लाल लुकलुकणारा दिवा विझतो. तो विझेपर्यंत कुणी जवळ जायचं नाही. मग चाकांना चोक लागतात, कोन मांडले जातात आणि सगळे एकदम निघतात. सामानाच्या डॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, पट्ट्यावरून बॅगा चढवणारा बेल्ट लोडर, इंधनाची गाडी, पाण्याची, शौचालय साफ करणारी, जेवण वर नेणारी हाय-लिफ्ट, वीज पुरवणारं जीपीयू, जिना, प्रवाशांच्या बसगाड्या. शेवटी विमानाला मागे ढकलणारा टग. एअरबस ३२० सारखं विमान स्वस्त भाड्याच्या कंपन्या अर्ध्या तासाच्या आसपास पुन्हा उडवायला बघतात. तेवढ्या वेळात एवढ्या गाड्या एका विमानाभोवती, आणि त्यांच्या मधल्या फटींतून पायी वावरणारी माणसं.

"त्यासाठीच लाल रेघ आहे," मामा सांगतात. जमिनीवर विमानाभोवती रंगवलेल्या हद्दीबद्दल ते बोलत असतात. "रेघेच्या आत शिरण्याआधी गाडी पूर्ण उभी करायची. हळू करायची नाही, उभी करायची. ब्रेक लागतोय की नाही, ते तिथे कळलं पाहिजे, विमानाच्या दारात नाही. मग चालत्या माणसाच्या वेगाने पुढे. रिव्हर्स घ्यायचा तर मागे माणूस उभा पाहिजे आणि तो आरशात दिसला पाहिजे. दिसेनासा झाला की थांब. मी पोरांना सांगायचो, मागचा माणूस दिसत नाही म्हणजे तो चाकाखाली आहे असं समजा."

या बाबतीत मामांना तोड नाही, आणि वकीलबाईही ते मान्य करतात. ब्रेक तपासायला गाडी थांबवणं फार तर चार-पाच सेकंदांचं काम. ते ज्याने टाळलं त्याला वेळापत्रकाची सबब फार पुरत नाही. हाँगकाँगला फेब्रुवारी २०२४ मध्ये एक कामगार विमान ओढणाऱ्या टोइंग गाडीतून खाली पडला आणि त्या ओढल्या जाणाऱ्या विमानाच्या चाकाखाली गेला. त्याने सीटबेल्ट लावला नसावा, असं पोलिसांनी सांगितलं. मामांनी ही बातमी कापून ठेवली आहे. "पट्टा लावायला कुठला कायदा बदलायचा होता?" असं ते विचारतात, आणि त्याला खरंच उत्तर नाही.

भाचीने मग दुसरी बातमी पुढे केली. अमेरिकेतलं शार्लट विमानतळ, ऑगस्ट २०१९, रात्रीची वेळ. एक चोवीस वर्षांचा कर्मचारी सामानाचा टग घेऊन चालला होता. जमिनीवर कुणाची तरी बॅग पडलेली होती. टग तिच्यावर गेला, उलटला आणि तो तरुण त्याखाली मेला.

"मामा, इथे दोष कुणाचा? गाडी चालवणाऱ्याचा?"

"बॅग पाडणाऱ्याचा."

"आणि अंधाराचा? तिथल्या राज्याच्या कामगार खात्याने अपुऱ्या उजेडाबद्दल कंपनीवर ठपका ठेवला. पोलिसांत जाऊन हा गुन्हा नोंदवला असता तर आरोपी कोण झाला असता? मेलेला माणूसच."

मामांनी इथे वाद घातला नाही. मुंबईच्या पावसात, रात्री, ओल्या काँक्रीटवर फ्लडलाइटचा उजेड कसा डोळ्यांत घुसतो, हे त्यांना कुणी सांगायला नको. कानांवर इंजिनाच्या आवाजापासून वाचवणारे मफ्स असतात, त्यामुळे मागून येणाऱ्या गाडीचा भोंगा ऐकू येत नाही. काढले तर कान जातात. रॅम्पवरची बरीच दुखणी अशीच आहेत: एका धोक्यावरचा उपाय दुसऱ्या धोक्याला वाट करून देतो.

न्यू ऑर्लिन्सला ऑगस्ट २०२२ मध्ये बेल्ट लोडरच्या यंत्रात केस अडकून एक तरुण कर्मचारी स्त्री दगावली. मामांची पहिली प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणे आली: केस बांधायला नकोत? भाचीची प्रतिक्रियाही अपेक्षेप्रमाणे: फिरत्या भागावर केस जाईल एवढी फट कशी राहते? पिठाच्या गिरणीतसुद्धा पट्ट्यावर जाळी असते. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण दोन्ही उत्तरं सारख्या किमतीची नाहीत. केस बांधायची सूचना रोज, प्रत्येक पाळीला, प्रत्येक नव्या पोरीला द्यावी लागते आणि ती एक दिवस विसरली जाते. जाळी एकदाच बसवावी लागते.

ब्रिटनमधलं अलीकडचं एक प्रकरण हेच सांगतं. हीथ्रोवर सामान चढवणाऱ्या टेलिव्हेटर नावाच्या उचलयंत्रावरून ब्रिटिश एअरवेजचे दोन कामगार पडले, एक ऑगस्ट २०२२ मध्ये, दुसरा मार्च २०२३ मध्ये. यंत्राचे कठडे आणि विमानाचं अंग यांच्यात माणूस पडेल एवढी जागा राहत होती. तोल कुणाचा गेला, यावर न्यायालय अडून बसलं नाही. जागा का राहिली, एवढं विचारलं आणि २०२५ मध्ये कंपनीला ३२ लाख पौंडांहून अधिक दंड केला.

"आपल्याकडे?" मामांनी विचारलं. भाची हसली फक्त.

आपल्याकडे काय होतं, हे मामांनीच मग सांगितलं, आणि या साऱ्या चर्चेत लक्षात ठेवण्याजोगं वाक्य त्यांचं होतं. "विमानाला गाडी टेकली की फॉर्म. पायावरून डॉली गेली की रिक्षा." विमानाच्या पत्र्याला हात लागेल एवढा जरी धक्का बसला तरी इंजिनिअर येतो, फोटो निघतात, विमान थांबतं, वरपर्यंत फोन जातात. लोडरचा अंगठा डॉलीच्या हुकात चेचला तर सोबतचा एकजण त्याला घेऊन गेटबाहेर येतो आणि रिक्षा करतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी बदली माणूस. पंधरा दिवसांनी तो परत येतो किंवा येत नाही.

विमानाची एवढी काळजी उगाच नसते, हे मान्य करायला हवं. २६ डिसेंबर २००५ रोजी सिअॅटलला अलास्का एअरलाइन्सच्या एका एमडी-८३ विमानाला सामान चढवणाऱ्या गाडीचा धक्का बसला. गाडीवरच्या माणसाने सांगितलं नाही. विमान उडालं आणि सुमारे २६,००० फुटांवर त्या जागी पत्रा फाटून भगदाड पडलं, आतला हवेचा दाब गेला. वैमानिकांनी ते परत उतरवलं, सगळे वाचले.

"बघ! सांगितलं असतं तर?" मामा.

"सांगितलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. म्हणून सांगितलं नाही," भाची म्हणाली. "तुम्ही म्हणता शिस्त लावा. शिस्त म्हणजे शिक्षाच असेल तर माणूस आधी चूक लपवायला शिकतो. तुमच्या वेळी किती जणांनी येऊन सांगितलं, मामा, की साहेब, माझ्याकडून टेकली?"

मामांनी बोटं मोजायला घेतली आणि हात खाली ठेवला.

आता आकड्यांकडे. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेचा बराच जुना पण आजही सगळीकडे उद्धृत होणारा अंदाज आहे: जगभरात रॅम्पवर वर्षाला सुमारे २७,००० अपघात आणि किरकोळ दुर्घटना घडतात, आणि वर्षाला सुमारे २,४३,००० माणसं जखमी होतात. म्हणजे दर हजार उड्डाणांमागे नऊ. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. मोजणी कुणी केलेलीच नाही. उलट विमानांच्या नुकसानीचा हिशेब बघा. विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयाटा हिने २०२२ मध्ये सांगितलं की जमिनीवर होणाऱ्या नुकसानीचा खर्च २०१९ मध्ये वर्षाला ५ अब्ज डॉलर होता आणि काही केलं नाही तर २०३५ पर्यंत तो जवळपास १० अब्जांवर जाईल. बेल्ट लोडर, मालवाहू लोडर, जिने आणि एअरोब्रिज मिळून ४० टक्के घटनांना कारण होतात, हेही तिने मोजलंय. विमानाजवळ येताच आपोआप मंदावणारी, आदळण्याआधी थांबणारी नवी उपकरणं आणली तर किती टक्के खर्च वाचेल, याचाही आकडा तयार आहे: तीन चतुर्थांश उपकरणं बदलली तर ४२ टक्के. पत्र्याचा एवढा काटेकोर हिशेब ठेवणारा उद्योग माणसांच्या पायांचा हिशेब ठेवू शकत नाही, हे पटण्यासारखं नाही.

भाचीच्या मते याचं मूळ व्याख्येत आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टाप्रमाणे विमान अपघात म्हणजे उड्डाणाच्या हेतूने पहिला माणूस विमानात चढल्यापासून शेवटचा उतरेपर्यंतच्या काळात, विमानाच्या चालण्याशी संबंधित असं जे घडतं ते. १६ डिसेंबर २०१५ च्या रात्री मुंबईत हैदराबादला निघालेलं एअर इंडियाचं विमान पुशबॅकनंतर, म्हणजे टगने मागे ढकलल्यानंतर, पुढे सरकलं आणि नाकाच्या चाकाजवळ उभा असलेला तंत्रज्ञ इंजिनात ओढला गेला. आत प्रवासी होते. तो विमान अपघात ठरला, रीतसर तपास झाला. तेच विमान रिकामं उभं असतं आणि त्याच माणसाला शेजारून रिव्हर्स येणाऱ्या ट्रॅक्टरने चिरडलं असतं, तर या व्याख्येत तो बसला नसता.

"मग मोटार अपघात म्हणून तरी धरतील ना?" मामांनी भोळेपणाने विचारलं. त्यांनी आयुष्यभर गाडी चालवली, पण हा कायदा कधी वाचला नव्हता.

मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतून फक्त बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी खास बनवलेली वाहनं वगळलेली आहेत, आणि तृतीय पक्षाचा सक्तीचा विमा सार्वजनिक जागेपुरता आहे. टग कधी विमानतळाच्या भिंतीबाहेर पडत नाही, आणि एप्रनवर पासाशिवाय कुणाला पाय ठेवता येत नाही. विमा कंपनीच्या वकिलाला याहून सोपा बचाव नको. पश्चिम द्रुतगती मार्गावर डंपरने उडवलेल्या माणसाला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचं दार उघडं असतं. भिंतीच्या आत टगने उडवलेल्याला आधी हे वाहन म्हणजे वाहनच आहे, असा वाद जिंकावा लागतो.

राहिली कामगार भरपाई. कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) लागू असेल आणि पगार २१,००० रुपयांच्या आत असेल तर वारसांना दरमहा निवृत्तिवेतन मिळतं, आणि ते बरं आहे. पगार त्याच्या वर गेला की १९२३ च्या कायद्याचं सूत्र, जे नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तसंच आहे: मृत्यू झाल्यास महिन्याच्या पगाराच्या निम्मे गुणिले वयानुसार ठरलेला अंक. पगाराची मर्यादा जानेवारी २०२० पासून १५,००० धरली जाते. पंचवीस वर्षांच्या टगचालकाला महिना पंचवीस हजार मिळत असले तरी हिशेबात पंधराच. साडेसात हजार गुणिले २१६.९१, म्हणजे १६,२६,८२५ रुपये. आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणातला प्रवासी विमान अपघातात गेला तर माँट्रियल कराराप्रमाणे डिसेंबर २०२४ पासून १,५१,८८० एसडीआरपर्यंतची (हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे दीड कोटी रुपयांहून अधिक सिद्ध नुकसानभरपाई कंपनीला 'आमचा दोष नाही' म्हणून टाळता येत नाही. एकच विमान. आत बसलेला आणि खाली उभा असलेला.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एक वेगळाच मुद्दा काढला, जो भाचीच्या फायलींत नव्हता. "पोरं टिकत नाहीत गं. माझ्या वेळी टगवर बसायला माणूस आधी चार-पाच वर्षं लोडर असायचा. कुठली गाडी कुठून येते, हे अंगात मुरलेलं असायचं. आता आज ट्रेनिंग, परवा रॅम्पवर, सहा महिन्यांनी दुसऱ्या एजन्सीत." जुलै २०२४ मध्ये कलिन्याला विमानतळावरच्या हँडीमन आणि लोडरच्या भरतीसाठी पंचवीस हजारांच्या आसपास तरुण लोटले आणि गर्दी आवरेना. बाहेर एवढी रांग असताना आतला माणूस पाय दुखतोय म्हणून सांगेल का, हा प्रश्न मामांनीच विचारला. वादात ते कधी बाजू बदलून बसले, हे त्यांच्याही लक्षात आलं नसावं.

यंत्रांची गोष्टही निघाली. १० जानेवारी २०२२ रोजी मुंबईत जामनगरला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाला ढकलणारा टग विमानाला लागूनच पेटला. काही मिनिटांत आग विझली, कुणाला इजा झाली नाही. मामांच्या मते या घटनेचं मोल त्या दिल्लीच्या मोटारीहून मोठं, पण तिच्यावर कुणी विनोद केले नाहीत.

भाचीनेही एक गोष्ट मान्य केली, आणि ती मोकळेपणाने केली. सप्टेंबर २०१९ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांनाही श्वासचाचणी लागू केली, रोज किमान दहा टक्के जणांची. तेव्हा तिला तो अविश्वास वाटला होता. आता तिला तो नियम योग्य वाटतो. पण दारू तोंडातून पकडता येते, थकवा तोंडातून पकडता येत नाही, एवढं तिने जोडलंच. वैमानिकाच्या कामाच्या तासांवर कायद्याची नजर असते. विमानाला ढकलणाऱ्या माणसाच्या तासांवर तशीच नजर का नसावी?

या वादात निकाल द्यायचाच तर तो असा. रॅम्पवरच्या शिस्तीबद्दल मामा बरोबर आहेत. ब्रेकवर पाय शेवटी चालकाचाच असतो. पण तो पाय कधी सुटतो, कुठल्या पाळीत, कुठल्या यंत्रावर, कुठल्या कंत्राटात, हे कळायला मोजावं लागतं, आणि मोजायला कुणी तयार नाही, हे भाचीचं म्हणणं अधिक वजनदार आहे. कामगार कायद्यांच्या दृष्टीने विमान वाहतूक केंद्र सरकारच्या अखत्यारीत येते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली व्यावसायिक सुरक्षा संहिता दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू आहे आणि तिच्यात अपघात कळवण्याची तरतूद आहे. कामाचा व्याप केवढा आहे ते बघा: मुंबईच्या धावपट्ट्यांवर ११ नोव्हेंबर २०२३ या एका दिवसात १,०३२ विमानांची ये-जा झाली. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे, त्याचे बे वाढत जाणार आहेत आणि त्यांवर उभी राहणारी पोरं पनवेल-उरणच्या गावांतूनही येणार आहेत. म्हणून डीजीसीएने आणि केंद्राच्या कामगार खात्याने मिळून दरवर्षी विमानतळनिहाय एक तक्ता जाहीर करावा: एप्रनवर गाड्यांमुळे किती माणसं जखमी झाली, किती मेली, ती कायम होती की कंत्राटी, आणि पाळीचा कितवा तास होता. विमानात प्रवासी होता की नाही, हा रकाना त्यात नसला तरी चालेल.